कडुनिंबाची साक्ष

ठाण्याहून कापूरबावडी आणि बाळकुम मागे टाकून खाडीच्या दिशेने निघाले की कोलशेत लागते. मूळचे हे खाडीकाठचे गाव. पुढे या रस्त्यावर सँडोज, बायर यांसारख्या कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. रंग, रसायने आणि शेतीची औषधे येथून देशभर जात असत. आज त्या कारखान्यांच्या जागी उंच निवासी मनोरे आहेत. मस्जिद बंदर, वाशीचा बाजार, भिवंडी, कल्याण येथे पेढ्या असलेली अनेक व्यापारी कुटुंबे आता या मनोऱ्यांतून राहतात. त्यांच्या गॅलरीत तुळस असते, जास्वंद असते, गुलाबाच्या दोन कुंड्या असतात. पावसाळा सरताना पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसू लागली की रोपवाटिकेतला माणूस हमखास निंबोळी तेलाची बाटली काढून देतो. ज्या परिसरात एकेकाळी कृत्रिम शेतीऔषधे तयार होत, तेथेच आज घरोघरी कडुनिंबाचे तेल फवारले जाते.

हे तेल बुरशी खरोखर रोखते काय, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर त्यांना या प्रश्नाचेच नवल वाटेल. गुढीपाडव्याला ज्याचा पाला तोंडात घालायचा, धान्याच्या कोठीत ज्याची पाने पसरायची, त्या झाडाचा गुण कोणी सिद्ध करून दाखवायचा असतो काय? तथापि हाच प्रश्न एकदा जर्मनीतील म्युनिक शहरात अत्यंत गंभीरपणे विचारला गेला. त्याचे उत्तर देताना पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर झालेल्या चाचण्या उपयोगी पडल्या. वनस्पतींच्या अर्कांची परीक्षा का करावी, कशी करावी आणि तिची नोंद कशी ठेवावी, हे समजण्यासाठी ही हकिकत व्यापारी कुटुंबांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे.

एका झाडाचे दोन अर्क

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. कडुनिंबाच्या बियांपासून दोन निरनिराळ्या गोष्टी मिळतात. निंबोळ्या कुटून पाण्यात रात्रभर भिजवल्या की पाण्यात उतरतो तो निंबोळी अर्क. शंभर लिटर पाण्यास पाच किलो निंबोळी हे त्याचे प्रमाण शेतकऱ्यांना तोंडपाठ असते. या अर्कातील ॲझाडिराक्टिन नावाचे द्रव्य किडींची भूक मारते व त्यांची वाढ थांबवते. दुसरी गोष्ट म्हणजे निंबोळीचे तेल. ते पाण्यात मिसळत नाही; साबणासारखा एखादा पदार्थ घालून ते पाण्यात फेटावे लागते. या तेलातून ॲझाडिराक्टिन जवळजवळ पूर्णपणे काढून घेतले तरी उरलेले तेल पानांवरच्या बुरशीला आवर घालते. म्हणजे किडीवरचा उपाय वेगळा आणि बुरशीवरचा वेगळा. झाड मात्र एकच.

कडुनिंबाचा आधुनिक रसायनशास्त्राने घेतलेला शोधही तसा जुनाच आहे. सलीमुज्जमान सिद्दीकी या शास्त्रज्ञांनी १९४२ साली निंबोळीच्या तेलातून निंबिन, निंबिडिन यांसारखी कडू द्रव्ये वेगळी केल्याचे जाहीर केले. त्यानंतर जगभर या झाडावर संशोधन वाढत गेले आणि त्याच्यामागोमाग व्यापारी हितसंबंधही आले.

म्युनिकमधील खटला

अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही रासायनिक कंपनी यांनी मिळून डिसेंबर १९९० मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाकडे अर्ज केला. कडुनिंबाचे तेल ठराविक प्रमाणात पाण्यात मिसळून वनस्पतींवरील बुरशीचे नियंत्रण करण्याची पद्धत आपण शोधली, असा त्यांचा दावा होता. तेलाचे प्रमाण ०.१ ते १० टक्के, सोबत तेल व पाणी एकजीव करणारे द्रव्य आणि बाकी पाणी, असे त्या दाव्याचे स्वरूप होते. १४ सप्टेंबर १९९४ रोजी हे पेटंट मंजूर झाले.

पेटंट म्हणजे ठराविक मुदतीपुरता मिळालेला एकाधिकार. जो खरोखर नवीन शोध लावतो त्याला तो मिळणे न्यायाचे आहे. परंतु जी गोष्ट आधीपासून लोकांच्या वापरात आहे तिच्यावर कोणाचाही असा अधिकार चालत नाही. म्हणूनच १९९५ साली या पेटंटला तिघांनी मिळून हरकत घेतली. युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्फूट, भारतातील पर्यावरण कार्यकर्त्या डॉ. वंदना शिवा आणि सेंद्रिय शेती चळवळीचा आंतरराष्ट्रीय महासंघ, असे हे तीन हरकतदार होते.

येथे एक अडचण उभी राहिली. कडुनिंब गुणकारी आहे हे भारतात कोट्यवधी लोकांना ठाऊक आहे. पण जे सर्वांनाच ठाऊक असते ते लिहून ठेवण्याची गरज कोणालाच वाटत नाही. पेटंट कार्यालयाचे प्रश्न मात्र नेमके असतात. दाव्यात लिहिलेली हीच पद्धत, याच प्रमाणात, अर्जाच्या आधी कोणी, कोठे आणि केव्हा वापरली? ती लोकांसमोर उघडपणे वापरली काय? ‘आमचे पूर्वज वापरत आले आहेत’ हे उत्तर भावनेच्या दृष्टीने खरे असले तरी त्याने या प्रश्नांचा निकाल लागत नाही.

निकाल लागण्यास ज्यांच्या साक्षीची मोठी मदत झाली त्यांत अभय फडके यांचे नाव घ्यावे लागते. भारतातील एका कृषी-उत्पादन कंपनीत ते काम करीत होते. पुणे आणि सांगली या दोन जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात कडुनिंबाच्या तेलाच्या अर्काच्या शेतांवर चाचण्या झाल्या होत्या, हे त्यांनी प्रतिज्ञापत्राद्वारे आणि नंतर म्युनिकला प्रत्यक्ष हजर राहून सांगितले. पेटंटचा अर्ज यायच्या चार-पाच वर्षे आधीची ही गोष्ट. वर्ष सांगता येत होते, जिल्हा सांगता येत होता, काय वापरले हे सांगता येत होते. पेटंट कार्यालयाच्या हरकत विभागाने ही साक्ष ग्राह्य मानली. दाव्यातील सर्व बाबी या चाचण्यांतून आधीच लोकांपुढे आल्या होत्या, असा निष्कर्ष काढून १० मे २००० रोजी त्याने पेटंट रद्द ठरवले. पेटंटधारकांनी अपील केले. ८ मार्च २००५ रोजी तेही फेटाळले गेले. हरकत घेतल्यापासून शेवटचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली.

हळदीला कागदाचा आधार

याच काळात अमेरिकेत हळदीचे प्रकरण चालले होते. हळदीच्या पुडीने जखम भरून येते या ‘शोधा’वर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ साली या पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली आणि बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी भाषांतील जुने ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापून आलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने आपला निर्णय फिरवला.

दोन्ही प्रकरणांत भारताची बाजू टिकली, परंतु पुराव्याचा प्रकार निराळा होता. युरोपात कोणत्याही देशातील प्रत्यक्ष वापर पुरावा म्हणून चालत असे. मात्र तो तपशिलाने सिद्ध करावा लागे. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यानुसार परदेशातील नुसता वापर पुरेसा नव्हता. ती गोष्ट कोठेतरी छापलेली असणे आवश्यक होते. घराघरांत हळद लावली जात होती म्हणून नव्हे, तर कोणीतरी ते लिहून छापले होते म्हणून ते पेटंट रद्द झाले. व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तोंडी व्यवहार कितीही सचोटीचा असला तरी वाद उभा राहिल्यावर रोजमेळातली नोंदच कामाला येते.

या अनुभवातून २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतील पाठ परकीय भाषांत उतरवून पेटंट कार्यालयांना तपासणीसाठी उपलब्ध करून दिले गेले. भारताच्या पेटंट कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीने पारंपरिक ज्ञानाला ‘शोध’ मानता येणार नाही असे कलम आले.

बशीतली परीक्षा

तारीख आणि ठिकाण जसे महत्त्वाचे, तसेच मोजमापही. अर्काची बुरशीवरील परीक्षा कशी करतात हे पाहिले म्हणजे त्यामागची शिस्त लक्षात येते. या परीक्षेला फार मोठी यंत्रे लागत नाहीत. विज्ञान महाविद्यालयांच्या साध्या प्रयोगशाळांतूनही ती करता येते.

प्रथम वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून पक्की करून घ्यावी लागते, कारण बाजारात एकाच नावाने दोन मुळे विकली जातात हे औषधी मालाच्या व्यापाऱ्यांना चांगलेच ठाऊक आहे. पाला किंवा साल सावलीत वाळवून तिची भुकटी करतात आणि ती पाण्यात, अल्कोहोलमध्ये किंवा अन्य द्रावकात भिजवून अर्क काढतात. मग समुद्रशैवलापासून मिळणाऱ्या आगर नावाच्या पदार्थाचे बुरशीला पोषक असे खाद्य तयार करून त्यात अर्क मिसळतात. ते काचेच्या चपट्या बशीत ओतून घट्ट झाले की मध्यभागी बुरशीचा छोटा तुकडा ठेवतात. दुसऱ्या बशीत अर्क घालत नाहीत. केवळ तो द्रावक घालतात. तिसऱ्या बशीत बाजारात मिळणारे, गुण ठाऊक असलेले बुरशीनाशक असते. काही दिवसांनी तिन्ही बशांतील बुरशीच्या वर्तुळांचा व्यास मोजतात. अर्क नसलेल्या बशीत वर्तुळ आठ सेंटिमीटरचे झाले आणि अर्काच्या बशीत दोनच सेंटिमीटरचे राहिले, तर वाढ ७५ टक्के रोखली गेली असे म्हणता येते.

यातील दुसरी बशी सर्वांत महत्त्वाची. अल्कोहोल स्वतःच बुरशीला मारक असते. ती बशी ठेवली नाही, तर द्रावकाने केलेले काम अर्काच्या नावावर जमा होईल. जमाखर्चात एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्याला लागावी तसाच तो प्रकार. शिवाय एकच बशी पुरत नाही. तोच प्रयोग निदान तीनदा करून सरासरी घ्यावी लागते. त्यानंतर अर्क कमी कमी करीत, बुरशी रोखणारी सर्वांत कमी मात्रा कोणती हे शोधतात. हा आकडा नसेल तर ‘अर्क गुणकारी आहे’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण पुरेशा मोठ्या मात्रेत मीठसुद्धा बुरशी रोखते.

या परीक्षेत उंदीर-सशांसारखा कोणताही प्राणी वापरावा लागत नाही, ही बाब जैन वाचकांना दिलासा देणारी वाटेल. अर्थात बुरशीही सजीव आहे आणि जैन आचारविचारात तिची गणना अनंतकायात होते, हे विसरता येत नाही. बुरशी आलेला, रुची पालटलेला पदार्थ अभक्ष्य मानण्यामागेही ही सूक्ष्म दृष्टी आहे. त्या दृष्टीने बुरशी मारण्यापेक्षा ती उत्पन्नच होऊ न देणारे उपाय श्रेयस्कर ठरतात. माल वाळवून भरणे, हवा खेळती ठेवणे, पोती भिंतीपासून दूर फळ्यांवर रचणे, ही यतना व्यापारी घराण्यांत पूर्वापार चालत आली आहे.

हिरडा, आवळा आणि अँटिऑक्सिडंट

दुसरी परीक्षा अँटिऑक्सिडंट गुणाची. शरीरात प्राणवायूचा वापर होताना काही अस्थिर कण तयार होतात व ते पेशींना इजा करू शकतात. त्यांना शांत करणाऱ्या द्रव्यास अँटिऑक्सिडंट म्हणतात. प्रयोगशाळेत यासाठी डीपीपीएच नावाचे गडद जांभळे द्रव्य वापरतात. त्यात अर्क घातला आणि अर्कात हा गुण असला की जांभळा रंग उतरून पिवळट होतो. रंग किती उतरला ते उपकरणाने मोजतात आणि क जीवनसत्त्वाशी तुलना करतात. निम्मा परिणाम घडवून आणण्यास जितका कमी अर्क लागतो, तितका तो अर्क प्रभावी.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्रिफळ्याची अशी परीक्षा केली व तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. हिरडा, बेहडा आणि आवळा या तिन्ही फळांत हा गुण आढळला, परंतु सारखा नाही. अस्थिर कणांना शांत करण्यात हिरडा सरस ठरला. स्निग्ध पदार्थांचे आणि डीएनएचे रक्षण करण्याच्या चाचण्यांत आवळा पुढे राहिला. तिन्हींचे मिश्रण म्हणूनच अधिक उपयुक्त ठरावे, असे अनुमान त्या शास्त्रज्ञांनी काढले. त्रिफळ्याची ही जोडणी पूर्वसूरींनी या यंत्रांशिवायच केली होती. आधुनिक परीक्षेने त्यात भर घातली ती आकड्यांची.

परीक्षा काय सांगत नाही

येथेच सावध व्हावयास हवे. बशीत बुरशी थांबली म्हणजे रोग्याचा रोग बरा झाला असे नाही. नळीतला रंग उतरला म्हणजे माणसाचे आयुष्य वाढले असेही नाही. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटिन हे प्रसिद्ध अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या रूपाने घेतल्यास फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. १९९४ साली निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. प्रयोगशाळेतील गुण माणसाच्या शरीरात कसा वागेल, हे माणसांवरील शिस्तबद्ध चाचणीनेच कळते.

कडुनिंबाच्या तेलाविषयीही हेच. झाडाच्या पानावर ते सौम्य आहे म्हणून लहान मुलाला पाजावे असे मुळीच नाही. तान्ह्या मुलांना हे तेल पाजल्याने त्यांच्या मेंदूवर व यकृतावर गंभीर परिणाम झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ‘वनस्पतीजन्य’ आणि ‘निर्धोक’ हे समानार्थी शब्द नव्हेत.

उलट बुरशीकडे दुर्लक्ष करणेही तितकेच महागात पडते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने ३९७ लोकांना यकृताचा विकार जडला आणि त्यांतील १०६ जण दगावले. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार झाले होते. हे विष शिजवण्याच्या साध्या उष्णतेने नाहीसे होत नाही. शेंगदाणा, मका, मिरची, हळद यांचा व्यापार करणाऱ्या घरांनी ही घटना कायम स्मरणात ठेवावी. बुरशी आलेला माल पुसून, वाळवून किंवा चांगल्यात मिसळून पुढे ढकलणे हा नुसता तोटा वाचवण्याचा प्रश्न नसतो.

लिहून ठेवलेले टिकते

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, उग्रादित्याचार्य या जैन आचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ संस्कृतात रचला. मांस, मद्य आणि मध यांना वर्ज्य मानून केवळ वनस्पती व खनिजे यांवर औषधयोजना करता येते, हे त्यांनी त्यात दाखवले. हा ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपाने जपला गेला आणि पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादित केल्यावर १९४० साली सोलापुरातून छापून प्रसिद्ध झाला. अकराशे वर्षांपूर्वीचे ज्ञान आज वाचता येते, कारण कोणीतरी ते लिहिले, कोणीतरी त्याच्या प्रती केल्या आणि कोणीतरी त्या भांडारात सांभाळल्या.

व्यापारी कुटुंबांकडे आजही असे पुष्कळ धन विखुरलेले आहे. औषधी मालाच्या जुन्या पेढ्यांच्या चोपड्यांतून कोणते मूळ कोठून आले, कोणत्या नावाने विकले गेले, कोणत्या कामासाठी कोणी नेले, याच्या नोंदी असतात. घरातील आजीला मसाल्याच्या बरण्या पावसाळ्यात कशा राखायच्या, लोणच्यात हिंग आणि मोहरी किती घालायची, हे नेमके ठाऊक असते. या गोष्टी विचारून, वनस्पतीचे स्थानिक नाव, भाग, प्रमाण, पद्धत आणि तारीख यांसह वहीत उतरवून ठेवण्यास खर्च नाही. जुन्या चोपड्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळून पाहाव्यात. घरातील मुले-मुली विज्ञान शिकत असतील तर त्यांनी त्यातील एखाद्या वनस्पतीची परीक्षा महाविद्यालयात करून पाहावी, आणि गुण दिसला नाही तरी तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावे.

पुणे-सांगलीच्या उन्हाळ्यात शेतांवर फवारणी चालू असताना आपल्या कामाचा दाखला पुढे म्युनिकमध्ये दिला जाईल, असे तेथील कोणाच्या मनातही आले नसेल. तरीही पंधरा वर्षांनी कोणते वर्ष, कोणता जिल्हा आणि कोणता अर्क, हे निश्चितपणे सांगता आले आणि ते सांगता आले म्हणून कडुनिंब सर्वांचे राहिले. कोलशेतच्या गॅलरीत निंबोळी तेल फवारताना बाटलीवरचे प्रमाण वाचावे, फवारल्याची तारीख लिहावी, एक कुंडी न फवारता बाजूला ठेवावी आणि आठ दिवसांनी दोन्हींची पाने शेजारी धरून पाहावीत.